विरळ बर्फाचा डिसेंबर

डिसेंबर लागला की सिंगापूरमधल्या आमच्या पासिर रिसच्या घरात पुस्तकांच्या पाठींना आणि चामड्याच्या पट्ट्यांना बुरशी धरते. पाऊस काही फार कोसळत नाही, पण दिवसचे दिवस आभाळ खाली उतरून बसतं, समुद्राकडून ओला वारा येत राहतो, आणि खिडकीबाहेर बांबूवर वाळत घातलेले टॉवेल दुपार उलटली तरी हाताला गार लागतात. अशा दिवसांत मी बॉम्ब शेल्टरचं दार उघडते. इथल्या सरकारी फ्लॅटमध्ये जाड भिंतींची आणि लोखंडी दाराची एक छोटी खोली असते. बांधली युद्धासाठी, पण सगळ्यांनी तिची कोठीची खोली करून टाकली आहे. आमच्या खोलीत तांदळाच्या पिशव्या, गणपतीचं मखर, एक मोडका टेबलफॅन, आणि सगळ्यात वरच्या फळीवर तीन जाडजूड जॅकेटं. विषुववृत्ताच्या इतक्या जवळच्या घरात असले कपडे म्हणजे वेडेपणाच. एकाच मोसमात वापरलेले. तरी मी ते डिसेंबर आला की खाली काढते, पंख्याखाली पसरते, आणि दिवसभर त्यांच्यातून वाट काढत घरात वावरते.

यंदाही पसरली आहेत. सोफ्यावर तीन माणसं आडवी झाल्यासारखी दिसतात.

ऑफिसात हा मोसम सुट्ट्यांचा. चहाच्या यंत्रापाशी उभं राहिलं की जो तो विचारतो, कुठे जाणार? कुणी मेलबर्नला, कुणी नागपूरला लग्नाला. "आणि तुम्ही?" मी म्हणते, कुठेच नाही. खरं तर मी त्या वेळी जाऊन आलेली असते. डिसेंबर आला की मनातल्या मनात मी एकाच डोंगरावर असते. तो नकाशात बघितला तर उत्तर जपानात आहे. माझ्यापुरता तो कुठेही अचानक उभा राहतो, एमआरटी मेट्रोच्या सरकत्या जिन्यावर, हॉकर सेंटरमधल्या खाण्याच्या ठेल्यांवरच्या कढयांच्या वाफेत.

दोन वर्षांपूर्वीची गोष्ट. माझ्या मुलाची, मिहिरची, ए लेव्हलची म्हणजे इथल्या बारावीची परीक्षा नुकतीच संपली होती आणि जानेवारीत तो सैन्यात जाणार होता. पुण्यातल्या लोकांना हे सांगितलं की ते दचकतात. इथे कायमचं राहायची परवानगी, पीआर, घेतलेल्या घरातल्या मुलांना अठराव्या वर्षानंतर दोन वर्षं सैन्यात द्यावी लागतात. बापाला माफी, मुलाला नाही. आम्ही पीआर घेतला तेव्हा मिहिर बालवाडीत होता, कॉलरला रुमाल लावून जायचा. त्या वयाच्या मुलाच्या आईला अठरा हा आकडा खराच वाटत नाही.

पण पासिर रिसमध्ये राहून तो आकडा विसरताही येत नाही. नव्या भरतीच्या मुलांना समुद्रातल्या एका बेटावर नेतात, आणि सुट्टी मिळाली की ती बोटीनं आणि मग बसनं आमच्याच इथे येऊन उतरतात. डोकी भादरलेली, मान उन्हानं रापलेली, पाठीवर भलीमोठी पिशवी. मॉलमध्ये शिरतात आणि आठवडाभर उपाशी असल्यासारखी खातात. वर्षानुवर्षं मी त्यांच्या बाजूनं भाजी घेऊन घरी येत होते. मिहिर पंधरा वर्षांचा झाला तेव्हापासून मी त्यांच्याकडे बघायचं सोडून दिलं.

माझ्या नवऱ्याचं, नंदनचं, म्हणणं साधं होतं. "सगळ्यांची मुलं जातात. या देशानं आपल्याला घर दिलं, याला शाळा दिली. दोन वर्षांनी परत येईल, अजून काय?" नंदन बँकेत काम करतो, त्याला प्रत्येक गोष्ट मांडून दाखवता येते. मला येत नाही. मला फक्त रात्री उठून मिहिरच्या खोलीत डोकावावंसं वाटायचं. त्या वर्षी हा विषय निघाला की आमच्यातला एक जण खोलीतून उठून जायचा, आणि बहुतेक वेळा तो एक जण मीच असायचे.

आणि मिहिर? मिहिर इथल्या मुलांच्या बोलीत म्हणायचा, "ओके लाह, आई. एव्हरीबडी गोज." माझा मुलगा मराठीत सुरू होतो आणि इंग्रजीत संपतो. मधल्या कुठल्यातरी वळणावर त्याच्या मनातलं गळून पडतं आणि माझ्यापर्यंत पोचत नाही. परीक्षा संपली त्या संध्याकाळी त्याला विचारलं, काय हवं तुला? तो म्हणाला, "जायच्या आधी एकदा स्नो बघू या ना. स्कीइंग करू या. तिघं."

त्या 'तिघं'साठी मी हो म्हटलं.

विमानतळावरून बस निघाली तेव्हा चार वाजून गेले होते आणि बाहेर अंधार दाटत होता. काचेला नाक लावून आम्ही बर्फ शोधत होतो. काही दिसलं नाही. सकाळी लॉजचा पडदा सरकवला, आणि समोर डोंगर होता. केवढा! मी सह्याद्री पाहिलेला आहे, पण हा एका नजरेत मावेना. मान या टोकापासून त्या टोकापर्यंत फिरवावी तरी त्याचा खांदा उरलेलाच. आणि तो तपकिरी होता. वाळलेल्या गवताचा, निष्पर्ण झाडांचा, ओल्या मातीचा तपकिरी. जंगल कापून केलेले रुंद उतार वरपासून खालपर्यंत उघडे पडले होते, आणि त्यांच्यावरून जाणाऱ्या तारांना पाळण्यांसारख्या खुर्च्या लटकत होत्या, एकही हलत नव्हती. जागोजागी पांढरं काहीतरी होतं, विरलेल्या साडीसारखं, आरपार जमीन दाखवणारं.

लॉजच्या मालकीणबाई सत्तरीच्या असतील. न्याहारीला त्या आमच्या टेबलापाशी आल्या, कमरेत वाकल्या, आणि फोनमध्ये काहीतरी बोलून त्यांनी तो आमच्यापुढे धरला. फोन इंग्रजीत म्हणाला, "या वर्षी बर्फ उशिरा आहे. तुम्ही इतक्या लांबून आलात. मला फार वाईट वाटतं." त्या पुन्हा वाकल्या. घरी पाहुणे यावेत आणि दूध नासलेलं निघावं, अशी त्यांच्या चेहऱ्यावरची अवस्था होती. मी आपली मराठीतच म्हणाले, "अहो, असू दे, तुमचा काय दोष त्यात?" त्यांना ते समजलं असावं, कारण त्यांनी माझ्या वाटीत आणखी भात वाढला.

भिंतीवर त्या डोंगराचा नकाशा होता. त्यावर रंगीत रेघांचं जाळं होतं, एखाद्या मोठ्या शहराच्या रस्त्यांसारखं, आणि प्रत्येक रेघेपुढे एक दिवा. सगळे दिवे विझलेले. अगदी वर, शिखराच्या काखेत, एकच हिरवा दिवा लागला होता.

त्या एका दिव्यापाशी जायला गोंडोला होता. तारेवरून सरकणारी काचेची डबी, सहा माणसं गुडघ्याला गुडघा लावून बसतील एवढी. खालून निघालो तेव्हा पायाखाली चिखल होता, गवत होतं, एक कोल्हा उड्या मारत झाडीत गेला. मग बर्चची झाडं सुरू झाली, पांढऱ्या सालीची, बारीक, हजारो. मग ढग आला. काच दुधाळ झाली आणि आम्ही कशातून चाललोय तेच कळेना. तारेचा घरघर आवाज तेवढा होता. आणि ढगाच्या वरच्या टोकाला आम्ही बाहेर आलो.

हे कसं सांगू? फांदीन् फांदी पांढरी होती. डहाळीवर, डहाळीच्या टोकावर, टोकावरल्या सुकल्या फळावर, सगळ्यावर पांढरं. वाऱ्यानं ते एकाच बाजूला साचलेलं, त्यामुळे प्रत्येक झाड कुठेतरी निघाल्यासारखं दिसत होतं. दरीपलीकडे ढगांची भिंत तशीच होती, पण माथ्यावरचं आकाश असं निळं, की सिंगापूरच्या वाफाळलेल्या आकाशाखाली अर्धं आयुष्य काढलेल्या मला डोळे मिटून घ्यावे लागले. "ओ माय गॉड," मिहिर म्हणाला, आणि मग अगदी हळू, "आई, बघ ना. बघ."

दारातून बाहेर पडले, आणि पहिलं पाऊल टाकलं ते कर्र वाजलं. मी खाली वाकून मूठ भरली. मराठीत आपण उसाच्या रसातल्या खड्यालाही बर्फ म्हणतो आणि यालाही बर्फच. हिम हा शब्द आहे, पण तो पुस्तकात राहतो, तोंडात येत नाही. माझ्या मुठीत होतं त्याला कुठलाच शब्द पुरेना. रव्यासारखं म्हणावं तर रव्याला वजन असतं. मूठ दाबली की गोळा होत होता, सोडली की भुरभुरत होता, आणि बघता बघता तळहातावर नुसतं पाणी.

उघडलेला उतार म्हणजे एक अरुंद पट्टी होती. दोन्ही कडांना बुटक्या बांबूची हिरवी पाती बर्फातून वर आलेली. तिथल्या मातीत हा बांबू गवतासारखा माजतो, आणि भर हिवाळ्यात तो सगळा खाली गाडला जातो, असं आमच्या शिक्षिकेनं, केइकोसाननं, सांगितलं. केइकोसान पस्तिशीची असेल, गोल चेहऱ्याची, नारिंगी जॅकेटमधली. तिचं इंग्रजी तुटक होतं आणि माझी भीती सलग, त्यामुळे आमचं छान जमलं. "पाय पिझ्झा," ती म्हणायची. म्हणजे पायांना बांधलेल्या दोन्ही स्कींची पुढची टोकं जवळ आणि टाचा लांब, पिझ्झ्याच्या तुकड्यासारखा आकार करायचा की वेग कमी होतो. मी पिझ्झा केला, वेग कमी झाला नाही, मी बसले. पुन्हा उठले, पुन्हा बसले. बर्फ इतकं पातळ होतं, की बसल्यावर खालची जमीन लागायची, खडबडीत, कडक. एकदा माझी स्की एका दगडावरून गेली. खर्रर्र. पाटीवर खडू तिरका धरल्यावर येतो तसला आवाज, तो दातांतून वर थेट डोक्यात गेला. केइकोसाननं दगडाकडे बघून मान लववली आणि म्हणाली, "सॉरी. खाली डोंगर आहे."

खाली डोंगर आहे! मला ते वाक्य फार आवडलं. एवढंसं पांढरं पांघरूण, आणि त्याखाली तो अवाढव्य प्राणी जागाच.

दुपारी मी काठाशी उभी राहून दम खात होते. वरून एक जण येत होता, गुडघ्यात वाकलेला, डावीकडे झुकून, मग उजवीकडे, जणू उतार त्याला एका हातातून दुसऱ्या हातात देत होता. मला वाटलं, काय सुंदर येतोय हा, कुणाचा कोण. तो माझ्यापाशी येऊन थांबला, चष्मा वर केला, तर मिहिर. मी त्याला ओळखलं नव्हतं. पोटच्या मुलाला मी काही क्षण परका माणूस म्हणून पाहिलं होतं, आणि तो परका माणूस मला आवडला होता. असं याआधी कधी झालं नव्हतं.

नंदन पहिले दोन दिवस वर आलाच नाही. त्याला उंचीचं वावडं. खाली गावात फिरला, गरम पाण्याच्या कुंडात बसला. तिसऱ्या दिवशी न्याहारीला तो मजेत होता आणि मिहिरला म्हणाला, "झोपून घे बाबा, जानेवारीत पहाटे शिट्टी वाजेल." थट्टाच होती. पण मी चॉपस्टिक्स खाली ठेवल्या आणि बाहेर जाऊन बूट चढवू लागले. थोड्या वेळानं तो मागून आला. "मीही येतो आज वर," म्हणाला. गोंडोलात तो डोळे मिटून बसला होता आणि मी काचेबाहेर बघत होते. आमच्या मधे मिहिर, दोघांचे हातमोजे मांडीवर घेऊन.

दुपारी वारा सुटला. आधी नुसती शिट्टी, मग झाडांवरचं बर्फ उडून धूर झाल्यासारखं पसरलं, मग ढग चढून आला आणि पट्टी दिसेनाशी झाली. आम्ही तिघं वरच्या विश्रांतीगृहात शिरलो. तिथे तीसेक माणसं होती. ध्वनिक्षेपकावर आधी जपानीत आणि मग इंग्रजीत सांगितलं की वाऱ्यामुळे गोंडोला बंद झाला आहे. थांबलो. वारा पडेना. एरवी अशा वेळी लोक स्की करत खाली उतरतात, पण खालचा सगळा उतार दगड आणि बांबू. शेवटी ठरलं ते असं: पट्ट्याच्या चाकांची एक गाडी म्हाताऱ्यांना आणि लहान मुलांना जमेल तिथवर नेणार, बाकीच्यांनी स्की इथेच ठेवून मागच्या कच्च्या रस्त्यानं पायी उतरायचं, शिक्षकांच्या मागून, छोट्या गटांत. रस्त्याच्या कडेनं लाल झेंड्या लावलेल्या होत्या. "झेंडी बघा, पुढची झेंडी बघा," केइकोसान सगळ्यांना सांगत होती.

स्कीचे बूट चालण्यासाठी नसतातच. घोट्यापासून पोटरीपर्यंत पाय सिमेंटमध्ये घातल्यासारखा. मी चार पावलं टाकली आणि भिंतीला धरलं. मिहिर माझ्यापुढे गुडघ्यांवर बसला. त्यानं माझ्या बुटाच्या वरच्या कड्या सोडवल्या, पाय मागे-पुढे हलवून पाहिला, दुसऱ्याच्या सोडवल्या. "आता टाच आधी टेकव, आई. टाच, मग बाकीचा पाय. घाई करू नको." मग उठून त्यानं आपल्या काठ्या नंदनला दिल्या. नंदनच्या पायात साधे धावायचे बूट होते.

"तुला नकोत?" नंदननं विचारलं.

"आय कॅन, बाबा. तुम्ही घ्या."

आम्ही निघालो. केइकोसान पुढे, मग गट, आणि शेवटी आम्ही तिघं, कारण आमच्याहून हळू कुणीच नव्हतं. वरचं बर्फ मऊ होतं. खाली आलो तसं ते पातळ होत गेलं, मग नुसता चिखल आणि मधूनमधून गोठलेले पांढरे चट्टे. बाजूचा बांबू वाऱ्यानं सळसळत होता. आणि एका वळणावर नंदनचा पाय घसरला. तो बसला तो बसलाच. घोटा धरून म्हणाला, "मोडला नाहीये. पण थांबा जरा." त्याचे ओठ पांढरे पडले होते. "मिहिर, मला जमत नाहीये रे हे," तो म्हणाला. लग्नाला इतकी वर्षं झाली, नंदनच्या तोंडून ते वाक्य मी कधी ऐकलं नव्हतं.

मिहिरनं त्याच्या काखेत खांदा घातला. आम्ही उठलो, आणि तेव्हाच बर्फ पडायला लागलं.

मला वाटायचं, बर्फ पडतं म्हणजे पावसासारखंच काहीतरी, फक्त पांढरं. पाऊस पडतो तेव्हा तो येतो. त्याला दिशा असते, आवाज असतो. हे नुसतं होतं. हवेच्या जागी तेच होतं. वारा एकाएकी गेला आणि मोठाले, सावकाश तरंगणारे तुकडे सगळीकडून खाली येऊ लागले, काही तर खालून वर जात होते. पुढच्या गटाचे आवाज आले, मग अर्धवट आले, मग नाहीत. नारिंगी जॅकेट दिसत होतं, मग दिसत नव्हतं. लाल झेंडी एक दिसत होती, तिच्यापलीकडची नाही. मागे वळून पाहिलं तर आमच्याच पावलांच्या खुणा भरून येत होत्या.

"थांबू या," मिहिर म्हणाला. "ही झेंडी सोडायची नाही. केइकोसान परत येईल. हलू नका."

त्यानं दोनदा हाका मारल्या, "केइकोसान!" आवाज जवळच कुठेतरी विरून गेला, कुणीतरी उशीत तोंड दाबल्यासारखा. मग आम्ही तिघं त्या झेंडीला धरून उभे राहिलो. मिहिर मधे, नंदनचं अर्धं वजन त्याच्यावर, माझा हात त्याच्या कोपरात.

मी घाबरले होते, खोटं कशाला सांगू. तरी त्या शांततेसारखं काही मी आयुष्यात ऐकलं नव्हतं. ऐकलं म्हणते, कारण ती ऐकू येत होती. बांबूच्या पात्यावर बर्फाचा एक तुकडा बसला की अगदी बारीक, टिचकीच्याही हजाराव्या हिश्शाचा आवाज होत होता, आणि असे लाखो. दगड झाकले जात होते. चिखल झाकला जात होता. आमच्या डोळ्यांदेखत तो तपकिरी डोंगर पांढरा होत होता, आणि आमच्याकडे त्याचं लक्षही नव्हतं. एवढं मोठं काहीतरी चालू असताना आपण तिथे असणं, आणि आपली काही गरज नसणं, यात केवढा आधार असतो हे मला तिथे कळलं. नंदनच्या भुवयांवर बर्फ साचलं होतं. तो वर बघत होता, तोंड किंचित उघडं, लहान मुलासारखा.

"आई," मिहिर म्हणाला. मराठीत म्हणाला, आणि पूर्ण मराठीतच. "मला भीती वाटते. याची नाही. जानेवारीची."

महिनोन् महिने मी या वाक्याची वाट पाहत होते. ते आलं की काय बोलायचं, सगळं ठरवलेलं होतं. त्यातलं एक अक्षर मला आठवलं नाही.

"मलाही," मी म्हणाले.

पलीकडून नंदनचा आवाज आला. "मला तर आत्ताही वाटतेय, बाबांनो."

मिहिर हसला. त्याचा खांदा हलला तसे आम्ही दोघंही हललो. मग तो बोलत राहिला. बंदुकीची नाही, त्याला भीती होती ती सगळ्यांसमोर कमी पडण्याची. बाकीची मुलं इथलीच, त्यांचे बाप जाऊन आलेले, त्यांना घरून सगळं माहीत, आणि आपल्या घरात तर विषय काढला की आई उठून जाते. "सो हू डू आय आस्क?" तो म्हणाला. त्यात तक्रार नव्हती. मी त्याच्या जॅकेटच्या बाहीवर कपाळ टेकलं. नंदननं हातातली काठी बर्फात रोवली. मग म्हणाला, "मी उगाच सगळं सोपं करून सांगत होतो रे. मला माहीत नाही तिथे कसं असतं. मला खरंच माहीत नाही."

मग शिट्टी ऐकू आली, आणि पांढऱ्यातून आधी नारिंगी डाग आणि मग केइकोसान. ती धापा टाकत होती. "सॉरी, सॉरी, सॉरी," म्हणत तिनं आम्हाला तिघांना मोजलं, जणू जास्त निघालो असतो. नंदनचा दुसरा हात तिनं आपल्या खांद्यावर घेतला, आणि आम्ही झेंडी सोडली.

खाली बसथांब्यापाशी यंत्रातून मिहिरनं मक्याच्या सूपचे गरम डबे काढले. मी तो डबा आधी गालाला लावला, मग दुसऱ्या गालाला. त्या रात्री नंदनचा घोटा सुजला होता. मी त्यावर पट्टी बांधत असताना तो म्हणाला, "सकाळी मी असं बोलायला नको होतं." मी म्हणाले, "मी तरी उठून जायला नको होतं." एवढंच. पण आम्ही झोपलो तेव्हा आमच्यातलं अंतर नेहमीएवढं नव्हतं.

सकाळी खोलीत विचित्र उजेड होता, छतावर खालून पडलेला. पडदा सरकवला. काल जिथे गवत होतं, माती होती, उघडे उतार होते, तिथे काहीही नव्हतं. नुसतं अखंड पांढरं. कुंपण बुडालं होतं, मोटारी म्हणजे गुबगुबीत उंचवटे. मालकीणबाई फावडं घेऊन दारात उभ्या होत्या आणि त्यांचं तोंड आनंदानं फुललं होतं. मला बघून त्यांनी फावडं वर केलं आणि जपानीत काहीतरी ओरडल्या. फोनची गरज पडली नाही. आलं! आलं! भिंतीवरच्या नकाशावर दिवे पेटत होते, एकामागून एक.

जानेवारीत मिहिर गेला. आई-बापांना बोटीनं बेटावर नेतात, जेवणघर दाखवतात, पलंग दाखवतात, मग मुलं रांगेत उभी राहून शपथ घेतात. उन्हानं डोळे दिपत होते. इतक्या मुलांच्या एका आवाजात मला माझ्या मुलाचा आवाज वेगळा काढता येईना, आणि मला त्याचं नवल वाटलं, राग नाही. पहिल्या सुट्टीला तो घरी आला तेव्हा त्यानं जे जे सांगितलं ते मी बसून ऐकलं. कमी पडल्याचंही सांगितलं, आणि कुणीतरी हात दिल्याचं. पुढच्या महिन्यात त्याची दोन वर्षं पूर्ण होतील. आता मॉलमध्ये ती भादरलेली मुलं दिसली की मी त्यांच्याकडे नीट बघते. एखाद्याच्या ट्रेमध्ये भात कमी दिसला तर जीव कळवळतो.

पण डिसेंबरमध्ये, ही जॅकेटं अशी पसरलेली असताना, मला सगळ्यात आधी आठवते ती त्या सुट्टीतली शेवटची सकाळ. आभाळ धुऊन निघालं होतं. गोंडोला सुरू झाला होता, आणि नंदन लंगडत का होईना वर आला, डोळे उघडे ठेवून. आम्ही बाहेर पडलो, वळलो, आणि तिघंही जागच्या जागी थांबलो. समोर, दरीपलीकडे, एक दुसरा डोंगर उभा होता. एकटा, निमुळता, पायथ्यापासून टोकापर्यंत पांढरा, आमच्या डोंगराहून कितीतरी उंच. इतके दिवस ढगामागे तो तिथे होता आणि आम्हाला पत्ताही नव्हता. आम्ही त्याच्याकडे तोंड करून घसरलो होतो, पडलो होतो, भांडलो होतो. आजूबाजूची माणसंही थांबली होती. कुणी टोपी काढली, कुणी फोन वर केला आणि फोटो न काढताच खाली घेतला.

"हा कुठून आला?" नंदन म्हणाला.

टोकावरून बर्फाची एक रेघ वाऱ्यानं उडत होती, उन्हात चमकत, फार हळू.

मिहिरनं चष्मा डोळ्यांवर ओढला. "जाऊ?" त्यानं विचारलं. मी मान हलवली. तो काठावरून पुढे झुकला आणि निघाला, त्या डोंगराच्या रोखानं, डावीकडे, उजवीकडे, मागे पांढरी धूळ उडवत, लहान लहान होत. मी बघत राहिले. किती वेळ, कोण जाणे. मागून कुणीतरी हलकेच खाकरलं. रांगेत एक जपानी आजोबा उभे होते, स्की घातलेले, ऐंशीच्या घरातले असतील. ते कमरेत वाकले आणि हातानं उताराकडे दाखवून म्हणाले, "प्लीज."

माझी पाळी होती. मी पाय पिझ्झा केले आणि निघाले.